आकाश : संखत की असंखत?

मराठीत आकाश म्हटले की डोक्यावरचे निळे आभाळ डोळ्यांसमोर येते. पालि वाङ्मयातील 'आकास' म्हणजे मात्र पोकळी, अवकाश. मज्झिम निकायातील महाराहुलोवाद सुत्तात कानाची व नाकाची छिद्रेही आकासधातूत गणली आहेत. आणि आकाश कशावरही आधारलेले नाही, असेही तेथेच म्हटले आहे. महापरिनिब्बान सुत्तात आनंदाने भूकंपाचे कारण विचारले, तेव्हा पृथ्वी पाण्यावर, पाणी वायूवर आणि वायू आकाशात स्थित असल्याचे सांगितले आहे. हे त्या काळचे विश्ववर्णन होय; भूगोल म्हणून आज ते कोणी स्वीकारणार नाही. परंतु आधारांची ही साखळी जेथे संपते तेथे एक खरा प्रश्न उरतो. हे आकाश स्वतः काही आहे काय?

अशोकाच्या काळी पाटलिपुत्रात झालेल्या तिसऱ्या संगीतीशी परंपरेने जोडलेल्या कथावत्थु या ग्रंथात, आकाश असंखत आहे काय, यावर स्वतंत्र वाद आहे. असंखत म्हणजे कोणत्याही प्रत्ययाने न घडलेले. आकाश तसे आहे, हे थेरवाद्यांना मान्य नव्हते. अट्ठकथेनुसार वस्तूंच्या मर्यादेने दिसणारे आकाश संखत आहे आणि मोकळे आकाश ही केवळ पञ्ञत्ति, म्हणजे व्यवहाराची संज्ञा आहे. उलट सर्वास्तिवाद्यांनी आकाशाला वास्तव आणि असंस्कृत मानले. अडथळा न करणे हेच त्याचे लक्षण. सौत्रान्तिकांनी त्यास केवळ स्पर्शयोग्य वस्तूचा अभाव ठरविले. वसुबंधूच्या अभिधर्मकोशभाष्यात या दोन्ही पक्षांचा विचार आला आहे.

पुढे युरोपात हाच प्रश्न गतीच्या व गुरुत्वाकर्षणाच्या विचारातून उभा राहिला. न्यूटनने १६८७ मध्ये अवकाश स्वतंत्र, अचल आणि कशानेही न बदलणारे मानले. त्याने आकर्षणाचे गणित दिले, कारण मात्र सांगितले नाही. लाइब्निझने १७१५–१६ च्या पत्रव्यवहारात यास हरकत घेतली. त्याच्या मते अवकाश म्हणजे वस्तूंच्या परस्परसंबंधांची केवळ व्यवस्था होती. एक पक्ष सर्वास्तिवाद्यांच्या जवळचा, दुसरा पञ्ञत्तीच्या जवळचा, असे आम्हांस वाटते. मात्र या साम्यास ऐतिहासिक संबंधाचा पुरावा समजू नये.

१९१५ मध्ये आइन्स्टाइनने वादाची भूमीच बदलली. वस्तुमानामुळे अवकाश व काळ यांची एकत्रित रचना वक्र होते आणि ग्रह त्या रचनेतील सर्वांत सरळ मार्गानेच जातात. यालाच आपण गुरुत्वाकर्षण म्हणतो. २९ मे १९१९ च्या खग्रास सूर्यग्रहणात सूर्याजवळून येणाऱ्या तारकाप्रकाशाचे वळण मोजले गेले, ते या सिद्धान्ताशी जुळले. १४ सप्टेंबर २०१५ रोजी अमेरिकेतील लायगो वेधशाळांनी दोन कृष्णविवरांच्या मीलनातून उठलेला अवकाशाचा कंप टिपला. चार किलोमीटर लांबीच्या भुजेत झालेला फरक प्रोटॉनच्या व्यासाहूनही कितीतरी लहान होता. अशीच वेधशाळा हिंगोली जिल्ह्यातील औंढा येथे उभारण्यास केंद्रीय मंत्रिमंडळाने २०२३ मध्ये मंजुरी दिली.

जे वस्तुमानाने वाकते आणि कंप पावते, ते प्रत्ययांपासून अलिप्त कसे म्हणावे? आणि जे ग्रहांचा मार्ग ठरविते, त्यास नुसती संज्ञा तरी कसे म्हणावे? प्राचीन पक्षांपैकी कोणताही जसाच्या तसा टिकत नाही. म्हणूनच, हे सर्व त्रिपिटकात आधीच सांगितले आहे, असे विधान आपल्या व्याख्यानांतून ऐकू येते तेव्हा ते आम्हांस मान्य होत नाही. अशा विधानाने धम्माचा गौरव होत नाही. उलट ग्रंथप्रामाण्य मागील दाराने आत येते. जे बुद्धिसंगत व तर्कसंगत आहे तेच बुद्धवचन मानावे, ही कसोटी बाबासाहेबांनी १९५७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या धम्मग्रंथात घालून दिली आहे. प्राचीन भिक्खूंचे उत्तर अपुरे होते, परंतु ज्यास सर्वजण गृहीत धरतात त्या पोकळीलाही त्यांनी कारणाचा प्रश्न विचारला. आपला खरा वारसा तो प्रश्न आहे.