खानदेशची लेखणी आणि दूरचा गुरू

फराळाचे ताट पुढे ओढून अंक उघडणाऱ्या वाचकाला निबंधलेखनाची आठवण करून देणे म्हणजे थोडे रसभंगाचेच काम. 'माझा आवडता सण' या विषयावर शाळेत वीस ओळी न खरडलेला मराठी माणूस विरळा. पण तोच निबंध आज जळगाव-धुळ्याकडची मुले कित्येकदा वर्गात न बसता शिकतात. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी आली, महाविद्यालयांना कुलपे लागली आणि पहिल्या वर्षाचे लेखनाचे तास थेट घरातल्या ओसरीवर येऊन बसले. पुढे कुलपे निघाली, तरी ही वाट काही बुजली नाही. घरातील वडीलधारी माणसे मात्र विचारतात, "समोर मास्तर नाही, फळा नाही, अशाने कुठे लिहिता येते का?" प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर इतिहासात शोधावे लागते, आणि मौज अशी की त्यातले बरेचसे खुद्द खानदेशातच सापडते.

आधी थोडे दूरचे पाहू. लेखन हा महाविद्यालयातील एक स्वतंत्र, सर्वांना सक्तीचा विषय असावा, ही कल्पना फार जुनी नाही. अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठाने १८८५ साली पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांसाठी निबंधलेखनाचा असा अभ्यासक्रम लावला. येणाऱ्या हुशार मुलांनाही धड चार परिच्छेद लिहिता येत नाहीत, ही तेथील अध्यापकांची तक्रार होती. म्हणजे ही तक्रार केवळ आपल्याच काळातली आहे असे समजण्याचे कारण नाही! दुरून शिकविण्याची युक्ती तर त्याहूनही जुनी. १८४० साली इंग्लंडात एका पेनीत कोठेही पत्र जाऊ लागले, तेव्हा आयझॅक पिटमन या गृहस्थाने आपल्या लघुलिपीचे धडे टपालाने पाठविण्यास आरंभ केला. शिष्याने उतारा लघुलिपीत लिहून धाडायचा आणि पिटमनने तो तपासून, चुका दाखवून परत करायचा.

या साध्या व्यवहारात सारे मर्म आहे. धडा टपालाने गेला हे विशेष नव्हेच. छापील पुस्तक तेच काम करीत होते. विशेष हे की, शिष्याचा कागद परत आला. दूरच्या शिक्षणाची पुढची सारी कथा या परत येणाऱ्या कागदाची कथा आहे.

आता आपल्या मुलखाकडे वळू. १९०६ साली खानदेश जिल्ह्याचे पूर्व आणि पश्चिम असे दोन भाग झाले. तेच पुढे जळगाव आणि धुळे. कापूस, केळी आणि तापीचे पाणी यांसाठी हा मुलूख प्रसिद्ध. पण उच्च शिक्षणासाठी येथल्या मुलांना दीर्घकाळ पुण्या-मुंबईची वाट धरावी लागे. अमळनेरचे प्रताप महाविद्यालय आणि जळगावचे मूळजी जेठा महाविद्यालय ही दोन्ही १९४५ साली निघाली. तोवर गाडीभाडे आणि वसतिगृहाचा खर्च ज्याच्या बापाला झेपला नाही, त्याची लेखणी बहुधा मॅट्रिकपाशीच थांबली.

पण लेखनाचे शिक्षण महाविद्यालयाची वाट पाहत बसत नाही. अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात १९२४ ते १९३० या काळात साने गुरुजी शिक्षक होते आणि तेथील छात्रालयाची जबाबदारीही त्यांच्याकडे होती. मुलांसाठी ते एक हस्तलिखित दैनिक काढीत. ना छापखाना, ना वर्गणी. एका माणसाने रोज लिहायचे आणि मुलांनी रोज वाचायचे. लेखन म्हणजे परीक्षेपुरते करायचे काम नसून कोणीतरी वाट पाहत आहे म्हणून लिहायची गोष्ट आहे, हा धडा त्या मुलांना फळ्यावाचून मिळाला. याच गुरुजींनी पुढे आपल्या पुतणीला, सुधाला, लिहिलेली पत्रे 'सुंदर पत्रे' या नावाने पुस्तकरूपाने आली. एका मुलीला लिहिलेल्या पत्रांतून महाराष्ट्रातील किती मुले मराठी लिहायला शिकली असतील!

त्याहून नवलाची शाळा भरली ती धुळ्याच्या तुरुंगात. १९३२ साली विनोबा भावे तेथे बंदिवान होते. २१ फेब्रुवारीपासून १९ जूनपर्यंत दर रविवारी त्यांनी गीतेच्या एकेका अध्यायावर प्रवचन दिले; अशी अठरा प्रवचने झाली. बोलणाऱ्याने पुढे पोथी मांडून ठेवली नव्हती. शब्द हवेतच विरायचे. पण ऐकणाऱ्यांत साने गुरुजी होते आणि ते झरझर उतरवून घेत होते. म्हणून 'गीता प्रवचने' हे पुस्तक आज आपल्या घरात आहे. भिंतींच्या आत कोंडलेले शब्द भिंतींबाहेर गेले ते एका लेखणीमुळे. त्यानंतर काही महिन्यांनी, फेब्रुवारी १९३३ मध्ये, नाशिकच्या तुरुंगात याच लेखणीने 'श्यामची आई' लिहिली. दुसऱ्याचे चांगले बोलणे लक्ष देऊन उतरवून घेणे ही लेखनाची केवढी मोठी तालीम आहे, हे निराळे सांगायला नको.

आणखी एक उदाहरण तर प्रत्येक मराठी घराला ठाऊक आहे. असोद्याच्या माहेरवाशीण बहिणाबाई चौधरी यांना लिहिता-वाचता येत नव्हते. जाते आणि शेत यांच्या संगतीत त्या ओव्या रचीत. त्यांचे चिरंजीव सोपानदेव आणि एक आप्त यांनी त्या कागदावर उतरविल्या. १९५१ साली बहिणाबाई गेल्या आणि १९५२ साली आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेसह त्यांची गाणी प्रसिद्ध झाली. जळगावचे विद्यापीठ १९९० साली स्थापन झाले आणि २०१८ साली त्याला बहिणाबाईंचे नाव देण्यात आले. जिने कधी शाळेची पायरी चढली नाही, तिचे नाव पदवीपत्रावर छापले जाते. पण यातून 'शाळेची गरजच काय' असा अर्थ काढणे बरोबर नव्हे. सोपानदेवांना लिहिता येत होते म्हणून आई आपल्यापर्यंत पोचली. ज्यांच्या घरी सोपानदेव नव्हता, अशा किती बहिणाबाई जात्याबरोबरच गेल्या असतील!

हीच उणीव भरून काढण्यासाठी पुढे सरकारने हात घातला. दिल्ली विद्यापीठाने १९६२ साली पत्रद्वारा शिक्षण सुरू केले. १९८९ साली नाशिक येथे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ स्थापन झाले आणि त्याने 'ज्ञानगंगा घरोघरी' हे ब्रीद घेतले. पुरेसे शालेय शिक्षण न झालेल्या प्रौढांसाठी त्याने पूर्वतयारीचा शिक्षणक्रम ठेवला. घरी पुस्तके, गावाजवळ अभ्यासकेंद्र आणि तेथे भेटणारा संमंत्रक, अशी योजना केली. सासरी आलेली सून, दुकानावर बसणारा मुलगा, पाटबंधाऱ्यावरचा कामगार अशांना 'तुमचे वय झाले' असे न म्हणणारे हे विद्यापीठ होते. त्याच्या शिक्षणात घरी लिहायच्या स्वाध्यायांना स्थान होते. पिटमनचा परत येणारा कागद तो हाच.

आता पडद्यावरच्या तासाकडे पाहिले, तर त्याचे गुणदोष चटकन ध्यानात येतात. शिरपूरच्या मुलीला एसटीची वाट पाहावी लागत नाही. बुजरा मुलगा वर्गात तोंड उघडत नाही, पण लिहून प्रश्न विचारतो. शिक्षकाचे बोलणे पुन्हा पुन्हा ऐकता येते. ही सोय धुळ्याच्या तुरुंगात गुरुजींनाही नव्हती. उलट, घरात एकच मोबाइल आणि भावंडे तीन असली की धाकटीचा तास बुडतो. आणि शेकडो मुलांचा एक वर्ग केला, की निबंध तपासायला कोणी उरत नाही. उरते ती खुणा करायची प्रश्नपत्रिका. खुणा करून लेखन येत नाही. पाण्याविषयी ऐकून कोणी पोहायला शिकले आहे काय?

खानदेशात आणखी एक पेच आहे. घरात अहिराणी किंवा लेवा बोली. 'मला'ला तेथे 'माले' म्हणतात, 'तुला'ला 'तुले'. मूल मनात एका बोलीत विचार करते आणि कागदावर दुसरी भाषा उतरवते. समजूतदार शिक्षक वहीवर लिहितो, 'हा शब्द तुझ्या घरचा, छान आहे. अर्जात मात्र असा लिही.' उतावळा शिक्षक नुसती लाल रेघ मारतो आणि मूल समजते की आपली आईच चुकीचे बोलते. शिक्षक दूर असला की ही रेघ अधिकच बोचते, कारण तिच्यामागचा हसरा चेहरा दिसत नाही. म्हणून दुरून शिकविणाऱ्याने दोन ओळी अधिक लिहिल्या पाहिजेत. ज्या मुलखातील सर्वांत प्रिय कविता त्या बोलीतच जन्मली, तेथे तरी बोलीची लाज कोणा मुलाला वाटू नये.

तेव्हा वडीलधाऱ्यांच्या प्रश्नाचे उत्तर असे : होय, दुरून लिहायला येते. लेखन हे मुळातच समोर नसलेल्या माणसासाठी असते. ते शिकविणारा समोर नसला तरी चालते. मात्र लिहिलेले कोणीतरी मन लावून वाचले पाहिजे आणि उत्तर दिले पाहिजे. हे काम केवळ महाविद्यालयावर सोडून चालणार नाही. या दिवाळीत सुटीवर आलेल्या भाच्याला वा नातीला तिने लिहिलेले एक पान मागा. शेवटपर्यंत वाचा. काय आवडले ते आधी सांगा, काय समजले नाही ते मग. आणि पान तिच्या हाती परत द्या.