मोतिया की सोफिया?

दिवाळीच्या आठ दिवस आधी मामांचा फोन आला. "अगरवुड लावू काय रे? तू पाहून सांग."

सोनाळ्यात कुणीतरी रोपं विकायला आला होता. एका झाडाचे दहा वर्षांनी लाखभर रुपये, असा त्याचा हिशोब होता. मामांचं शेत गावाच्या वर, सातपुड्याच्या पायथ्याला, अंबाबरवा अभयारण्याच्या तारेला लागून आहे. तिथे कपाशी आणि तूर लावतात आणि अर्धं रानडुकरांना जातं. अशा माणसाला लाखभराचा हिशोब ऐकावासा वाटणारच.

मी पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये आहे. झाडांमधलं मला काही कळत नाही, पण शोधता येतं. अगरवुड म्हणजे आपला अगरू, अत्तरवाले ज्याला ऊद म्हणतात तो. झाड आसामकडचं, भरपूर पावसात वाढणारं. त्याच्या निरोगी लाकडाला काही किंमत नसते. खोडाला जखम झाली, आत बुरशी शिरली, की झाड स्वतःला वाचवायला काळपट राळ तयार करतं, आणि ती राळ मुरलेलं लाकूड म्हणजे ऊद. सगळ्यात वरच्या प्रतीचा तुकडा पाण्यात टाकला की बुडतो, हलक्या प्रतीचा तरंगतो. रानातली झाडं तोडून तोडून इतकी कमी झाली की १९९५ पासून त्यांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर निर्बंध आहेत. लागवडीच्या झाडांना आता भोकं पाडून बुरशी टोचतात, तरी जुन्या रानातल्या उदाची सर येत नाही असं जाणकार म्हणतात. आणि सोनाळ्यात मार्चपासून जमीन भेगाळते.

"नका लावू," मी म्हणालो.

"मंग वासाचं दुसरं काही?"

"तुमच्याकडे तिखाडी आहे ना?"

मामा हसले. तिखाडी म्हणजे रोशा गवत. आजीच्या गुडघ्यांना लावायचं रोशाचं तेल याचंच. मी हे सहज बोलून गेलो होतो, पण फोन ठेवल्यावर शोधायला बसलो आणि दोन रात्री गेल्या.

त्या दोन रात्रींत कळलं ते असं. एकोणिसाव्या शतकात आपल्या सातपुड्यातलं हे गवत इस्तंबूलपर्यंत जात होतं, आणि तिथे गेल्यावर त्याचा गुलाब होत होता.

१८८० च्या खानदेश गॅझेटियरमध्ये या धंद्याचं वर्णन आहे. पिंपळनेर हे मोठं ठिकाण. त्याखालोखाल अक्राणी, नंदुरबार, शहादा, तळोदा. भट्टी ओढ्याच्या काठाला लावायची. मोठ्या कढईत थोडं पाणी, वर गवत ठासून भरायचं, झाकण उडदाच्या किंवा गव्हाच्या पिठाने लिंपून बंद करायचं. झाकणाच्या भोकातून सुतळी गुंडाळलेली पोकळ बांबूची नळी निघते आणि दुसऱ्या तांब्याच्या भांड्यात जाते. ते भांडं ओढ्याच्या वाहत्या पाण्यात गळ्यापर्यंत बुडवलेलं. वाफ थंड होते, तेल वर तरंगतं. शंभर किलो गवतातून अर्धा किलो तेल निघालं तर चांगलं. मग ते कातड्याच्या बुधल्यांत भरून बैलांच्या पाठीवर कोंडाईबारीच्या घाटातून सुरतेला किंवा धुळे-मनमाडवरून मुंबईला. आमच्या डोंगराच्या पलीकडे निमाड. तिथलं तेल तर बाजारात निमाडच्याच नावाने ओळखलं जाई.

मुंबईहून ते तांबड्या समुद्रातल्या बंदरांना आणि पुढे तुर्कस्तानात पोचे. तिथे त्याला लिंबाच्या रसाचं पाणी लावून, उन्हात ठेवून त्याचा उग्रपणा घालवत आणि बल्गेरियाच्या गुलाबाच्या अत्तरात मिसळत. बल्गेरिया तेव्हा ऑटोमन साम्राज्यात होता. युरोपातल्या बाजारात या तेलाला 'टर्किश जिरेनियम' म्हणायचे. तुर्कस्तानचं नाही, जिरेनियमचं नाही, पण नाव तेच. १८७१ मध्ये ऑस्कर याकोबसेन या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने या गवताच्या तेलातून एक सुवासिक द्रव्य पहिल्यांदा शुद्ध रूपात वेगळं केलं आणि त्याला जिरॅनिऑल म्हटलं. आज साबणापासून डास पळवणाऱ्या क्रीमपर्यंत लेबलवर जिरॅनिऑल दिसतं. ते गुलाबातही भरपूर असतं, म्हणून तर भेसळ खपली. चुकीचं नाव द्रव्याला चिकटलं ते चिकटलंच. प्रोग्रॅमिंगमध्ये आम्ही म्हणतो की व्हेरिएबलला घाईत दिलेलं नाव आयुष्यभर राहतं, तसलाच हा प्रकार.

गवताच्या शास्त्रीय नावाचीही गंमत आहे. सिम्बोपोगॉन मार्टिनी. यातला मार्टिन म्हणजे लखनौचा जनरल क्लॉड मार्टिन, ज्याच्या पैशातून ला मार्टिनिएर शाळा निघाल्या. टिपू सुलतानाविरुद्धच्या मोहिमेत फौजेबरोबर असताना त्याने बालाघाटच्या उंचावरून या गवताचं बी गोळा केलं आणि लखनौला पेरलं. ते पाहून विल्यम रॉक्सबर्गने गवताला त्याचं नाव दिलं. भट्टीवाल्यांपैकी कुणाचं नाव कुठे नाही.

भट्टीवाल्यांना मात्र एक गोष्ट माहीत होती, जी पुस्तकांना बराच काळ कळली नाही. तेलाच्या दोन प्रती होत्या. मोतिया म्हणजे गुलाबासारखी, महाग. सोफिया म्हणजे उग्र, आल्याकडे झुकणारी, स्वस्त. इंग्रजी व्यापारात पहिलीला पामरोझा म्हणत आणि दुसरीला जिंजरग्रास. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या पुस्तकांत याचं स्पष्टीकरण असं मिळतं की गवत एकच, कोवळं असताना निळसर-पांढऱ्या फुलोऱ्याचं ते मोतिया आणि पिकून लालसर झालं की सोफिया. ऐकायला पटतं. कैरी आणि आंबा.

पण ते तसं नव्हतं. कलकत्त्याचा वनस्पतिशास्त्रज्ञ आयझॅक हेन्री बर्किल याने १९०९ मध्ये मोतिया आणि सोफियावर टिपण लिहिलं. हे एकाच जातीचे दोन वेगळे प्रकार आहेत. मोतियाचं बी मोतियाच देतं, सोफियाचं सोफियाच. फक्त वाळवून कागदावर चिकटवलेले दोन नमुने शेजारी ठेवले तर फरक सांगणं अवघड. फरक तेलात आहे. मोतियात जिरॅनिऑल ७५ ते ९० टक्के. सोफियात बरंच कमी, आणि सोबत शहाजिऱ्याच्या वासाचं कार्व्होन, संत्र्याच्या सालीतलं लिमोनीन. जागेचाही थोडा फरक आहे. मोतिया कोरड्या, निचऱ्याच्या, उन्हाच्या उतारावर सुटा सुटा उगवतो, सोफिया दाट माजतो.

म्हणजे उदाचं जे आहे त्याच्या बरोबर उलटं. तिथे रानातला दुर्मीळ आणि लागवडीचा साधा. इथे रानातलं तेल म्हणजे दोन्ही गवतांची खिचडी, कापणाऱ्याच्या नाकावर अवलंबून. शुद्ध मोतिया हवा तर लावायला पाहिजे. लखनौच्या 'सीमॅप' या संस्थेने पुढे मोतियाच्या निवडक जाती काढल्या, तृष्णा, तृप्ता, वैष्णवी अशा, आणि आज बाजारातलं चांगलं पामरोझा शेतातूनच येतं. दरम्यान टर्पेंटाइनपासून कारखान्यात जिरॅनिऑल बनू लागलं आणि रानातल्या भट्ट्यांचा कणाच मोडला.

दिवाळीला शेगावपर्यंत रेल्वेने आणि पुढे एसटीने सोनाळ्याला गेलो. तिखाडी फुलोऱ्यात होती. मामा मला आधी नाल्याकडच्या धुऱ्यावर घेऊन गेले. तिथे कमरेइतकी दाट भिंत. मग वर बरडावर. तिथे दगडांतून एकेक ठोंब.

"हे पाय, दोन्ही सारखीच. पण तुया आज्यानं तेलवाल्याले बरडावरचीच देल्ली. धुऱ्यावरची तो घेतच नव्हता."

"का?"

"का म्हंजे? नको म्हणे. आमी काय इचारलं नाही."

आजोबांच्या तरुणपणी नाल्यावर भट्टी लागायची, हे मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं. दोन रात्री पीडीएफ उपसून मी जे घेऊन आलो होतो, ते मामांच्या घरात सत्तर वर्षं 'नको म्हणे' एवढ्या दोन शब्दांत पडून होतं. मला थोडी लाजच वाटली.

तरी खात्री हवी होती. मामींचा जुना कुकर घेतला, शिट्टी काढून तिथे नळी बसवली, नळी बादलीतल्या थंड पाण्यातून फिरवून बाटलीत सोडली. सांध्यातून वाफ निसटायला लागली तेव्हा मामी काही न बोलता उडदाच्या पिठाचा गोळा घेऊन आल्या आणि लिंपून गेल्या. गॅझेटियर त्यांनी वाचलेलं नाही. दोन्ही गवतं वेगवेगळी चढवली. दुपारभरात प्रत्येकी पाण्यावर तेलाचा पातळ तवंग आला, बोटाला लागेल एवढाच. बाटल्यांवर १ आणि २ लिहून, काही न सांगता आजीच्या नाकाशी धरल्या.

पहिलीला ती म्हणाली, "गुलाबपाणी." दुसरीला, "मसाल्याचा डबा." पहिली बरडावरची होती.

(कुकरला तो वास चार दिवस राहिला. वरणाबद्दल मामी अजून बोलतात.)

मामांनी त्याच संध्याकाळी एक एकराचा हिशोब मांडला. डुकरं याला तोंड लावत नाहीत, पाणी फारसं लागत नाही, एकदा लावलं की काही वर्षं कापत राहायचं. बी बरडावरचंच झाडून घेऊ म्हणाले. इथे मला अडवावं लागलं. या गवताचं परागीकरण वाऱ्याने होतं आणि मोतिया-सोफियाचा संकर होतो. धुऱ्यावरचा सोफिया फुलण्याआधी कापता येईल, पण तारेपलीकडे अभयारण्य आहे. तिथलं एक पातंही आपण तोडू शकत नाही आणि तिकडचा वारा थांबवूही शकत नाही. बी पेरत गेलो तर दोन-चार पिढ्यांत गुलाबात मसाल्याचा डबा शिरणार.

मामा बराच वेळ डोंगराकडे बघत राहिले. मग म्हणाले, "मंग बी कायले? ठोंबच फोडू."

ठोंब फोडून लावला की तो आईसारखाच निघतो, पराग कुठलाही येवो. हे मला सुचायला हवं होतं. आम्ही कॉपी-पेस्ट म्हणतो ते हेच.

भावाचं मात्र कोडं आहे. तेल कोण घेणार, जवळची भट्टी कुठे, एका एकराचं गवत घेऊन कुणी वाहन पाठवेल का, यातलं काही ठरलेलं नाही. मी दोन्ही बाटल्या पुण्याच्या एका प्रयोगशाळेत तपासायला घेऊन आलो. त्यांना हे तेल फार कमी पडतंय, पुन्हा काढून आणा म्हणाले. मामांनी तोवर बरडावरच्या अकरा ठोंबांना लाल चिंध्या बांधून ठेवल्या आहेत, जून लागला की कोणते फोडायचे ते विसरू नये म्हणून.