संगणकीकरण व कार्यपद्धतीचे परिवर्तन

दफ्तराची चालू वहिवाट प्रमाण मानून तिच्याबरहुकूम संगणकप्रणाली रचली जाते. परंतु ती रुजू होताच मूळ वहिवाटच पालटते आणि प्रणालीला नव्या वहिवाटीशी पुन्हा जुळवून घ्यावे लागते. मानवी व्यवहारात अंतर्भूत होणारी आज्ञावली ज्या जगाचे प्रतिरूप असते त्याच जगाचा घटक बनते, म्हणून तिच्यात सतत बदल अपरिहार्य ठरतो, असे प्रतिपादन संगणकशास्त्रज्ञ लेमन यांनी 1980 मध्ये केले.

महाराष्ट्रातील सातबारा हे याचे बोलके उदाहरण होय. खातेदाराने खरेदीखताची वर्दी द्यावी, तलाठ्याने गाव नमुना 6 मध्ये फेरफार लिहून हितसंबंधितांस नोटिसा बजावाव्यात, हरकतीची मुदत सरल्यावर मंडल अधिकाऱ्याने नोंद प्रमाणित करावी, हा क्रम ई-फेरफार प्रणालीने वरकरणी तसाच उचलला. तथापि दुय्यम निबंधकाच्या कचेरीतूनच दस्ताची माहिती येऊ लागल्याने वर्दीचा हेलपाटा वाचला, आणि हस्तलिखितात वर्षानुवर्षे निभावून गेलेल्या क्षेत्राच्या विसंगती उघड्या पडून त्यांची दुरुस्ती करणे भाग पडले. ही दुरुस्ती प्रणालीची खरी कमाई मानावयास हवी.

पीकपाहणीत स्थित्यंतर अधिक मूलगामी आहे. तलाठ्याने शिवारात जाऊन करावयाची नोंद 2021 पासून खातेदाराने स्वतः मोबाइलवर छायाचित्रासह करावी असे ठरल्याने तलाठ्याकडे मुख्यतः पडताळणी उरली. मात्र फोन व संपर्क यांचा अभाव असलेल्या शेतकऱ्याचा विचार अशा आराखड्यात आरंभीच व्हावयास हवा, कारण नोंदीविना उरलेल्या क्षेत्राच्या पाहणीसाठी पुढे सहायक नेमावे लागले.