रकान्यातला ‘मुसलमान’

आपल्यात जातपात नाही, असे आपण अभिमानाने सांगतो. दीनच्या दृष्टीने ते खरेच आहे. पण पिंजारी, तांबोळी, बागवान, अत्तार या बिरादऱ्या पुणे जिल्ह्यात पिढ्यान्‌पिढ्या आहेत, हे इंग्रज सरकारलाही ठाऊक होते. 1885 च्या पुणे जिल्हा गॅझेटिअरमध्ये त्यांची वेगवेगळी नोंद आहे. मग पाटससारख्या गावातल्या पिंजाऱ्याच्या नातवाला आपण पिंजारी आहोत हे सिद्ध करणे इतके अवघड का जाते?

उत्तर शाळेच्या जनरल रजिस्टरात आहे. नाव घालताना आजोबांच्या वडिलांनी ‘मुसलमान’ सांगितले. गुरुजींनी जातीच्या रकान्यात तेच लिहिले. खोटे कुणीच बोलले नाही. त्या रकान्यावर तेव्हा नोकरी अवलंबून नव्हती. (आजही पालक तेवढेच सांगतात. मी शिक्षक या नात्याने पुन्हा विचारतो.)

1994 साली दोन गोष्टी घडल्या. सप्टेंबरात सुप्रीम कोर्टाने माधुरी पाटील खटल्यात जातपडताळणी समित्या आणि दक्षता पथके नेमायला सांगितले. वाद महादेव कोळी असल्याच्या दाव्याचा होता. डिसेंबरात राज्य सरकारने मुस्लिम मागास जमातींना ओबीसी सवलती देणारा निर्णय काढला. त्यामागे जालन्याच्या शब्बीर अन्सारींची चळवळ होती, दिलीपकुमारांची साथ होती. म्हणजे आपल्याला हक्क मिळाला तो पडताळणीसकटच.

2001 मध्ये राज्याचा जातपडताळणी कायदा लागू झाला. सिद्ध करण्याची जबाबदारी अर्जदाराची. दावा खोटा ठरला तर प्रवेश, नोकरी जाते, कैदही होते. खऱ्या आदिवासींच्या जागा बोगस दाखल्यांनी गेल्या आहेत, तेव्हा कायद्याबद्दल माझी तक्रार नाही. पण ओबीसीसाठी 13 ऑक्टोबर 1967 पूर्वीचा कागद मागतात, आणि त्यावर ‘मुसलमान’ एवढेच असले तर धंदा, आडनाव, सोयरीक हे सारे तोंडीच उरते. लबाडाला पकडायला केलेली अट अशी अडाणी आजोबांच्या नातवाला अडवते.

शाळेचा दाखला हाच एक पुरावा नव्हे. गाव नमुना 14, म्हणजे जन्म-मृत्यूची नोंद, आपण कोतवाल बुक म्हणतो ते, तहसील कचेरीत मिळू शकते. त्यात आजोबांच्या नावापुढे धंद्याचे नाव असू शकते. जुन्या नोंदी मोडीत असतात. 2023 मध्ये कुणबी नोंदी शोधताना न्यायमूर्ती शिंदे समितीने मोडी-उर्दू दप्तरे तपासली, तेव्हा असे कागद वाचता येतात हे सरकारलाही मान्य आहे. बारावीचा निकाल लागल्यावर धावाधाव करण्यापेक्षा मूल आठवीत असतानाच अर्ज करावा.