हवामानाच्या चौकोनात आपलं उरण कुठे बसतं?

मोरा बंदरावरून पलीकडे मुंबई दिसते. तिथे कुलाब्याला ईस्ट इंडिया कंपनीने १८२६ साली वेधशाळा बांधली. म्हणजे आपल्या समोरच्या किनाऱ्यावर दीडशे वर्षांहून जास्त काळ पाऊस मोजला जातोय. तरीही "२०५० साली उरणला पाऊस कसा पडेल?" असं विचारा, नेमकं उत्तर कुणाकडे नाही. असं का, ते थोडं इतिहासातून बघू.

आधी एक फरक लक्षात घ्या. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ रायगडवर आलं, त्याचा इशारा आधी मिळाला होता. तो झाला अंदाज. पण रस्त्याखालच्या मोऱ्या किती रुंद हव्यात, भराव किती उंच चालेल, हे ठरवायला पुढच्या तीस-चाळीस वर्षांचा पाऊस कळावा लागतो. त्यासाठी क्लायमेट मॉडेल लागतं.

मॉडेल म्हणजे पृथ्वीवर चौकोनांची जाळी टाकायची आणि प्रत्येक चौकोनातल्या हवेचं, उष्णतेचं, ओलाव्याचं गणित मांडायचं. लुईस फ्राय रिचर्डसन या इंग्रज शास्त्रज्ञाने असं गणित हाताने करून १९२२ साली छापलं. हिशेब फक्त सहा तासांचा, आणि तोही साफ चुकला! १९५० मध्ये अमेरिकेत संगणकावर पहिला अंदाज निघाला. १९८० च्या दशकात भारताने हवामानासाठी मोठा संगणक मागितला, तेव्हा अमेरिकेने हवा तो न देता कमी ताकदीचा क्रे दिला. मग १९८८ ला पुण्यात सी-डॅक उभी राहिली आणि १९९१ ला आपला 'परम ८०००' आला.

पण जागतिक मॉडेलचे चौकोन शंभर-दोनशे किलोमीटरचे. त्यात कोकण कुठे दिसणार? म्हणून १९८० च्या दशकाच्या अखेरीस डिकिन्सन, जॉर्जी यांच्यासारख्या शास्त्रज्ञांनी मोठ्या मॉडेलच्या पोटात एका भागापुरतं बारीक जाळीचं मॉडेल चालवलं. हेच प्रादेशिक मॉडेल. दक्षिण आशियासाठी हे काम पुण्याची आयआयटीएम करते. त्यातला चौकोन आधी ५० किलोमीटरचा होता, पुढे २५ चा झाला.

५० किलोमीटर म्हणजे साधारण कुलाबा ते माथेरान. समुद्र, मुंबई, उरणच्या खाड्या, पनवेल आणि डोंगर, सगळ्यांना मिळून एकच आकडा! आता २६ जुलै २००५ आठवा. सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस, आणि वीस-पंचवीस किलोमीटरवरच्या कुलाब्याला जेमतेम ७४. दोघांची सरासरी ५०९. हा पाऊस दोन्हीपैकी कुठेच पडला नव्हता.

मग चौकोन अजून लहान का करत नाहीत? कारण तो निम्मा केला की गणित साधारण आठपट वाढतं. शिवाय ढग चौकोनापेक्षा लहान असतात, त्यांचा हिशेब अदमासाने करावा लागतो. आणि मोठ्या मॉडेलने मान्सून चुकवला, तर पोटातलं मॉडेल तीच चूक बारीक करून दाखवतं. जगभरचे शास्त्रज्ञ आज इथेच अडलेत.

पण आपली अडचण याहून वेगळी आहे. पावसाचा आकडा उद्या अचूक मिळाला, तरी पाणी कुठे तुंबणार हे जमीन ठरवते. १९८९ ला न्हावा-शेवा बंदर सुरू झालं, आणि तेव्हापासून उरणची खाजणं, मिठागरं, खाड्यांची तोंडं किती बदलली ते आपण डोळ्यांनी पाहिलंय. जुना नकाशा घातला तर संगणकाच्या लेखी तिथे अजून मिठागरच असणार. मुसळधार पाऊस आणि उधाणाची भरती एकाच वेळी आली, तर पाणी कुठून निघेल? याचं उत्तर जुन्या नकाशावर मिळणार नाही.

म्हणून दोन गोष्टी करूया. एक, प्रत्येक ग्रामपंचायतीने आणि शाळेने पर्जन्यमापक लावून रोजचा पाऊस लिहावा, आणि पाणी भिंतीला कुठवर चढलं त्याची तारखेसकट खूण ठेवावी. दोन, कुठल्याही नव्या भरावाच्या जनसुनावणीत विचारावं: पावसाचा आकडा कुठल्या केंद्राचा, किती मोठ्या चौकोनाचा, आणि जमिनीचा नकाशा कुठल्या सालचा? उत्तर लेखी मागा.