एक घर, दोन चुली

आमच्या गल्लीच्या तोंडाशी असलेल्या किराणा दुकानदाराचा मला फार दिवसांपासून हेवा वाटत आला आहे. गृहस्थ घरात तेलुगू बोलतो. अक्कलकोटकडचं गिऱ्हाईक आलं की कन्नड, रिक्षावाला आला की हिंदी, आणि माझ्यासारखा उधारीवाला दिसला की शुद्ध आणि कडक मराठी. गिऱ्हाईक पायरी चढत असतानाच, आत कोणती भाषा चालू करायची हे त्याचं ठरलेलं असतं. सोलापुरात याचं कुणाला कौतुक नाही. इथं माणसं अशीच तयार होऊन निघतात. पण हीच साधी गोष्ट यंत्राला शिकवायला जगाला केवढा खटाटोप करावा लागला, हे मला २०२५ च्या दिवाळीत कळलं.

त्याचं असं झालं. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज दहाला तिच्या कंपनीने रीतसर निवृत्त केलं. निवृत्त माणूस हिंडतो-फिरतो, चहाला बँकेतही येतो, पण त्याची सही चालत नाही. तशी तिची अवस्था. विंडोज अकरा घ्यावी, तर आमचा लॅपटॉप २०१७ चा. नव्या पदासाठी लागणारी शारीरिक पात्रता त्याच्यात नाही, असा शेरा त्याने स्वतःच पडद्यावर मारला.

"बाबा, सगळं पुसून लिनक्स टाकू," आमची कन्या म्हणाली. ती इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे, त्यामुळे सगळं पुसून टाकण्यात तिला काही वाटत नाही. "फुकट असतंय ते."

फुकट हा शब्द कॉमर्सच्या पदवीधराच्या थेट काळजाला जाऊन भिडतो. मी जवळजवळ हो म्हणालो होतो. तेवढ्यात आण्णांची फाईल आठवली.

आण्णा म्हणजे माझे वडील. आयुष्य गिरणीत गेलं. १८७७ साली सोलापुरात जुनी मिल सुरू झाली, तेव्हापासून हे गाव भोंग्यावर उठायचं नि भोंग्यावर जेवायचं. त्या शेवटच्या पिढीतले आण्णा. २००८ च्या उन्हाळ्यात रोज रात्री ते सांगत आणि मी टाईप करी. अशी एकेचाळीस पानं झाली. त्यातली निम्मी साच्यांबद्दल आणि उरलेली मुकादमांबद्दल आहेत. २०१६ साली आण्णा गेले. या एकेचाळीस पानांची जगात एकच प्रत, आणि ती या लॅपटॉपमध्ये. दिवसभर काउंटरवर बसून दुसऱ्याला "नॉमिनी लिहिला का?" म्हणून दटावणाऱ्या माणसाची ही तऱ्हा.

बरं, फाईल उचलून लिनक्समध्ये ठेवावी, तर तेही सोपं नाही. तेव्हाचे आमचे मराठी फॉन्ट म्हणजे बहुरूपी. वरून देवनागरीचा अंगरखा, आत रोमन अक्षरं. अंगरखा काढला की 'गिरणी'च्या जागी प्रश्नचिन्हं, कंस आणि डॉलरची खूण. युनिकोडने १९९१ च्या पहिल्याच आवृत्तीत देवनागरीला हक्काची जागा दिली होती. पण ती बातमी २००८ पर्यंत आमच्या घरी पोचली नव्हती. शिवाय तो फॉन्ट आणि ते जुनं सॉफ्टवेअर ही जोडी विंडोजशिवाय कुठं नांदत नाही. सारांश, दोन्ही ठेवणं भाग होतं.

"म्हणजे एका घरात दोन चुली?" सौ. भाकरी थापता थापता म्हणाली. "वाटण्या करणार का?"

"हो. पार्टिशनच म्हणतात त्याला."

तिने फक्त माझ्याकडे पाहिलं. आमच्या भावकीतल्या वाटण्या तिने पाहिल्या आहेत.

वाटणी करायची तर आधी सातबारा बघावा, म्हणून मी या प्रकरणाचा इतिहास काढून वाचला. मुळात एका यंत्राला एकच कारभारी असावा, असं काही कुणी ठरवलेलं नव्हतं. १९८१ साली आयबीएमने आपला पहिला पीसी काढला, तेव्हा गिऱ्हाइकाला निवड होती: पीसी-डॉस ४० डॉलरला, सीपीएम-८६ हे २४० डॉलरला. पुढं कोण टिकलं असेल हे सांगायला बी.कॉम.ची पदवी लागत नाही. मग १९८३ साली दहा मेगाबाईटची हार्ड डिस्क असलेला पीसी आला. दहा मेगाबाईट म्हणजे आज भाचीच्या बारशाचे दोन-तीन फोटो. पण तेव्हा ही जागा एवढी अफाट वाटली, की तिच्यात चार बिऱ्हाडं राहू शकतील अशी सोय करून ठेवली. डिस्कच्या अगदी सुरुवातीला ५१२ बाईटची एक देवडी. त्यातले ६४ बाईट म्हणजे चार हिश्शांचा उतारा, दोन बाईट शिक्का, आणि उरलेल्या ४४६ बाईटांत दार उघडणारा भालदार. एवढ्याशा जागेत तो बिचारा उभा.

पुढची सगळी भांडणं या देवडीवरून झाली. विंडोज ९५ घरात आली की ती आधीच्या भालदाराला उठवून तिथं आपला माणूस बसवी, आणि तो माणूस शेजारच्या बिऱ्हाडाला ओळखच देत नसे. शेजारी आत जिवंत असे. फक्त त्याचं दार कुणी उघडत नसे. लिनक्सवाल्यांकडे आपला भालदार होता, १९९२ च्या सुमारासचा लिलो, आणि १९९५ साली ग्रब आला. ग्रब बिचारा सभ्य. यंत्र सुरू झालं की तो दोन्ही नावं पुढं ठेवतो, काही सेकंद थांबतो, आणि कुणी बोललं नाही तर पहिल्याला आत सोडतो. आमचा किराणा दुकानदार तेवढाही थांबत नाही, ही गोष्ट वेगळी.

पण या सगळ्या इतिहासात मला सगळ्यांत आवडलं ते लिनस टोरवाल्ड्सचं प्रकरण. हेलसिंकीचा एकवीस वर्षांचा विद्यार्थी. १९९१ च्या जानेवारीत याने कॉम्प्युटर घेतला, तो हप्त्यांवर! (इथंच मला तो आपला वाटायला लागला. पुढं वापरणाऱ्या लोकांनी वर्गणी काढून त्याचे उरलेले हप्ते फेडले. आमच्या शाखेत असा एकही कर्जदार अजून आलेला नाही.) त्याने त्यात मिनिक्स नावाची प्रणाली घातली आणि शेजारी स्वतःचं लिनक्स लिहायला घेतलं. एक दिवस मोडेमला सांगायचं ते चुकून डिस्कलाच सांगून बसला, आणि मिनिक्सचा हिस्सा बिघडून गेला. पुन्हा कोण मांडणार, म्हणून मग तो लिनक्सवरच राहायला गेला. ज्याने हे सगळं लिहिलं त्याचा हात चुकतो. मग माझं काय?

तशी दोन कारभाऱ्यांची आम्हां बँकवाल्यांना नवलाई नाही. १९८३ साली युनियन आणि बँकांचा यंत्रांबाबत करार झाला, १९८४ साली रंगराजन समितीचा अहवाल आला, आणि पुढं शाखांतून लेजर पोस्टिंगची यंत्रं आली. मी लागलो २००५ साली. पण जुने हेडक्लार्क सांगत, की यंत्र आलं तरी लेजर कुणी फेकलं नव्हतं. दोन्हीकडे नोंद करायची आणि संध्याकाळी दोन्हीकडची बाकी जुळवायची. जुळली नाही तर यंत्र चुकलं असं धरायचं.

त्याच बेताने रविवारी आम्ही बसलो. आधी आण्णांची फाईल तीन पेनड्राईव्हवर घेतली. त्यातला एक मी देवघरात ठेवला. कन्या हसली. हसो. मग पडद्यावर प्रश्न आला: सगळी डिस्क पुसून लिनक्स बसवू, की विंडोजच्या शेजारी? माझा हात माऊसवर होता, आणि बाण नेमका 'पुसून'वर थरथरत होता. "बाबा, हात काढा," कन्या म्हणाली. मी काढला. तिने विंडोजची पथारी थोडी आत सरकवली, मोकळ्या जागेत लिनक्सला बसवलं, आणि अर्ध्या तासात वाटणी झाली. तलाठी नाही, रडारड नाही. माझ्या चुलत्यांना बारा वर्षं लागली होती.

तंटा उभा राहिला तो घड्याळावरून. यंत्रात घड्याळ एकच. लिनक्स त्यात ग्रीनिचची वेळ लिहितं आणि आपल्यापुरते साडेपाच तास मिळवून घेतं. विंडोज समजतं की लिहिली आहे ती सोलापूरचीच वेळ. इंटरनेट असलं तर ती विचारून चूक सुधारते, पण निवृत्त बाईला कशाला बाहेर पाठवायचं, म्हणून आम्ही तिचं इंटरनेट बंद ठेवलं आहे. त्यामुळे लिनक्समधून उठून विंडोजमध्ये गेलं की घड्याळ साडेपाच तास मागं.

याला हसायचं कारण नाही. मुंबईने हेच कित्येक वर्षं केलं. रेल्वे मद्रासच्या वेळेवर आणि शहर स्वतःच्या, अर्धा तास मागं. १८८१ साली गव्हर्नर फर्ग्युसनने मुंबईवर मद्रासची वेळ लादून बघितली आणि दोन वर्षांत नाद सोडला. १९०६ साली भारतीय प्रमाणवेळ आली, ती मुंबईच्या वेळेपेक्षा ३९ मिनिटं पुढं. गिरणी कामगार बिथरले. झोपेतली ३९ मिनिटं कापली तर कोण गप्प बसेल? महापालिकेने तर आपली वेळ पुढं कितीतरी दशकं सोडली नाही. तेव्हाच्या मुंबईकराने गाडी चुकल्यावर नेमकं कुणाला बोल लावला असेल, याचा मी पुष्कळ विचार केला आहे.

आता रोज जेवणं झाली की मी विंडोजमध्ये जाऊन फाईल उघडतो, एक पान छापतो, मग लिनक्समध्ये येऊन ते युनिकोडात पुन्हा टाईप करतो. बदलून देणारी साधनं असतात. पण त्यांनी आण्णांच्या मुकादमांचे रफार भलत्याच डोक्यांवर बसवले. सव्वीस पानं झाली आहेत.

परवा कन्या डोकावली. "बाबा, ते घड्याळ नीट करू का? एका ओळीचं काम आहे."

मी पडद्याकडे पाहिलं. रात्रीचे नऊ वाजले होते. विंडोजच्या कोपऱ्यात दुपारचे साडेतीन दिसत होते. आण्णांची पहिली पाळी साडेतीनला सुटायची. भोंगा झाला की आई चहाचं आधण ठेवायची.

"राहू दे," म्हटलं, "अजून पंधरा पानं आहेत."