दूरचा विद्यार्थी आणि पदवीची पारख

ऑनलाइन पदवी-शिक्षणाचा दर्जा कसा राखावा, हा प्रश्न नवा आहे असें पुष्कळांस वाटतें. वस्तुतः शिकविणारा एकीकडे, परीक्षक दुसरीकडे आणि विद्यार्थी दोघांपासून दूर, ही स्थिति आपल्याकडील उच्च शिक्षणाच्या जन्मापासूनची आहे. १८५७ सालीं मुंबई विद्यापीठ निघालें तें लंडन विद्यापीठाच्या नमुन्यावर. त्यानें शिकवावयाचें नव्हतें, परीक्षा मात्र घ्यावयाची होती. १८६२ च्या पहिल्या बी. ए. परीक्षेंत उतरलेल्या चौघांत रानडे व भांडारकर होते, तेव्हां परीक्षेच्या कसाविषयीं शंका नको. परंतु महाविद्यालयांतून शिकविलें कसें जातें, हें रीतसर तपासण्याची तरतूद १९०४ च्या कायद्यानें झाली. पदवीची पारख आधीं आली. अध्यापनाची यावयास सत्तेचाळीस वर्षें लागलीं.

खानदेशास तर ही विद्याही परगांवींच होती. १९४५ सालीं अंमळनेरास प्रताप व जळगांवास मूळजी जेठा महाविद्यालय निघालें, तोंवर पुढें शिकूं इच्छिणाऱ्या बहुतेकांस घर सोडावें लागे. १९८९ सालीं नाशिकास मुक्त विद्यापीठ स्थापन होऊन पाठ्यपुस्तकच शेतकऱ्याच्या घरीं आलें. पुढल्याच वर्षीं जळगांवास विद्यापीठ झालें व २०१८ सालीं त्यास बहिणाबाई चौधरींचें नांव मिळालें. जिला अक्षरओळख नव्हती तिचें नांव पदवीपत्रावर यावें, यांतला विनोद त्या माउलीसही आवडला असता.

आतां पुस्तकाचीही वाट पाहावयास नको; व्याख्यान धुळ्याच्या एस. टी. स्थानकावर फोनमध्यें ऐकतां येतें. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२० च्या नियमांत संस्थेचें मूल्यांकन, अंतर्गत गुणवत्ता-केंद्र, देखरेखीखालील परीक्षा, सर्व आहे. चित्रफीत, वाचनपाठ, स्वपरीक्षण आणि शंकाचर्चा अशीं पाठाचीं चार अंगेंही ठरलेलीं आहेत. पहिलीं तीन एकदां तयार केलीं कीं हजारांस पुरतात. चौथ्यास दर वेळीं जिवंत माणूस लागतो, आणि काटकसर नेमकी तेथेंच होते.

माझ्याकडे अर्थशास्त्राचा एक दूरस्थ विद्यार्थी आला होता. संस्थेचें नांव नको. तपासून परत आलेला सोळा पानांचा स्वाध्याय त्यानें फोनवर दाखविला. गुण वीसपैकीं सतरा; शेरा एकही नाहीं. तिसऱ्या पानावर मागणीची रेषा पुरवठ्याच्या जागीं व पुरवठ्याची मागणीच्या जागीं होती. तपासनिसानें तें पान उघडलेंच नसावें. संस्थेच्या दप्तरीं मात्र या स्वाध्यायाची नोंद 'वेळेंत तपासला' अशीच असणार, आणि ती खोटी म्हणतां येणार नाहीं! माझ्या मतें तपासणी-मंडळानें इमारती व चित्रफिती पाहण्यापूर्वीं असे परत गेलेले शंभर स्वाध्याय मागवावे आणि बाहेरच्या शिक्षकांकडून पुन्हां वाचवून घ्यावे. खर्च थोडा, अडचण मोठी. म्हणूनच हें सहसा कोणी सुचवीत नाहीं.

मीं त्यास चूक दाखविली. तो बराच वेळ त्या आकृतीकडे पाहत राहिला, मग म्हणाला, "सर, तालुक्याच्या क्लासमध्ये अकरावीला हेच शिकवतोय मी, जूनपासून."